किरणोत्सर्गाचा जखमी दारात आला तर: खान्देशातल्या लहान रुग्णालयांची तयारी

अणुऊर्जेचं नाव काढलं की महाराष्ट्रात बहुतेकांना तारापूर आठवतं. नंदुरबारकरांना मात्र काकरापार जास्त जवळ आहे. उकाई धरणाच्या खालच्या अंगाला, आपल्याच तापीच्या खोऱ्यात हे केंद्र आहे आणि नवापूरपासून सरळ रेषेत ते साधारण ५० किलोमीटर पडतं. तापीचं पाणी आपल्याकडून तिकडे वाहतं, पावसाळी वारा मात्र तिकडून आपल्याकडे येतो. तरीही काकरापारच्या नावाने रोज धास्ती बाळगण्याचं कारण नाही. आपल्या देशात अणुवीज केंद्राभोवती आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र १६ किलोमीटरचं धरलं जातं आणि नवापूर त्याच्या बरंच बाहेर आहे.

माझ्या मते आपल्या कॅज्युअल्टीत किरणोत्सर्गाचा रुग्ण आलाच, तर तो अणुभट्टीतून येण्यापेक्षा भंगाराच्या दुकानातून किंवा हायवेवरून येण्याची शक्यता जास्त. कर्करोगावरच्या उपचारात किरणोत्सर्गी कोबाल्ट वापरतात, पाइपलाइनचे वेल्ड तपासायला इरिडियम, कारखान्यांत जाडी नि पातळी मोजायला सिझियम. हे सगळं ट्रकमधूनच इकडून तिकडे जातं. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि भुसावळ जंक्शन तर देशाला माहीत आहे. म्हणून हा लेख मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांसाठी नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा स्वतःच्या वीस खाटांच्या दवाखान्यात रात्रपाळीला असलेले डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि १०८ वरची माणसं यांच्यासाठी मी तो लिहितो आहे.

पहिली पायरी: मनातला गोंधळ काढा

सगळी तयारी एका फरकावर उभी आहे. उन्हात दिवसभर राबलेला माणूस घरात आला, तर तो ऊन बरोबर आणत नाही. त्याची कातडी करपलेली असते, पण त्याच्या शेजारी बसलेल्याला चटका बसत नाही. कापसाच्या जिनिंगमधून आलेला माणूस मात्र केसांत, भुवयांत, शर्टाच्या घडीत रुई घेऊन येतो आणि ती घरभर उडते.

कोबाल्टच्या तुकड्याजवळ उभा राहिलेला किंवा तो खिशात बाळगलेला माणूस पहिल्या प्रकारातला. त्याला मार बसला आहे, पण तुकडा दूर केल्यावर तो स्वतः किरण सोडत नाही. त्याला हात लावा, सलाइन लावा, शेजारच्या खाटेवर कोणीही झोपू द्या. फुटलेल्या स्रोताची, म्हणजे किरण सोडणाऱ्या द्रव्याच्या तुकड्याची, पूड अंगावर पडलेला माणूस दुसऱ्या प्रकारातला. त्याच्या अंगावरचा धुरळा काढावा लागतो. तो धुरळा नाकातोंडातून किंवा जखमेतून आत गेला, तर तिसरा प्रश्न सुरू होतो, त्याकडे पुढे येतो.

दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला हाताळतानाही गाऊन, मास्क, दुहेरी हातमोजे घातलेल्या कर्मचाऱ्याला मिळणारी किरणांची मात्रा फार कमी असते. रुग्णाच्या अंगातच स्रोताचा तुकडा रुतलेला असेल, तो खरा अपवाद. असा चमकणारा धातूचा कण जखमेत दिसला तर बोटाने उचलायचा नाही. लांब चिमट्याने काढा, जाड धातूच्या डब्यात टाका, डबा दूरच्या कोपऱ्यात ठेवा आणि तिकडे कोणाला फिरकू देऊ नका. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो. एक्स-रे रूममधला शिशाचा एप्रन घालून कोबाल्ट किंवा सिझियमसमोर निर्धास्त उभं राहू नका. तो एप्रन एक्स-रेसाठी बनवलेला आहे, या जोरदार गामा किरणांना तो फारसा अडवत नाही. उलट त्याच्या ओझ्याने काम हळू होतं.

दुसरी पायरी: संशय घ्यायला शिका

सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात, सोडून दिलेल्या एका रेडिओथेरपी दवाखान्यातून दोघांनी यंत्राचा जड भाग काढून नेला आणि तो भंगारवाल्याला विकला. आतली सिझियमची पूड अंधारात निळी चमकायची. लोकांनी ती नातेवाइकांना वाटली, अंगाला लावली. उलट्या, जुलाब, कातडीवर फोड सुरू झाले आणि ते दुसऱ्याच आजाराचे समजले गेले. शेवटी भंगारवाल्याच्या बायकोलाच वाटलं की आजारपण या वस्तूमुळे आहे. तिने ती पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात नेली. यंत्र उचललं १३ तारखेला आणि नेमकं कारण कळलं २९ तारखेला. चार जण दगावले, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सर्गी द्रव्य सापडलं आणि एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली.

आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात जवळपास तेच घडलं. विद्यापीठातलं जुनं कोबाल्टचं यंत्र लिलावात गेलं, भंगारात फोडलं गेलं, काही जण आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. तिथेही सुगावा लागला तो रुग्णालयात आलेल्या माणसांच्या काळवंडलेल्या कातडीमुळे आणि गळणाऱ्या केसांमुळे.

आता आपली ओपीडी डोळ्यांसमोर आणा. तिशीचा माणूस, ताप, अशक्तपणा, सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडलेल्या. आपला हात सवयीने डेंग्यूच्या तपासणीकडे जातो, आणि जायलाच हवा. पण डेंग्यू निगेटिव्ह आला, आठ-दहा दिवसांपूर्वी एकदा जोरात उलट्या होऊन मग बरं वाटलं होतं, केस गुच्छाने येताहेत, किंवा चटका बसल्याचं आठवत नसताना भाजल्यासारखी जखम दिसते, तर तीन गोष्टी विचारा. काम काय करता? एखादी जड, वेगळीच धातूची वस्तू हाताळली का, फोडली का, खिशात ठेवली का? आणि घरात-दुकानात अजून कोणाला असंच होतंय का? गोयानियात आणि मायापुरीत एकट्यादुकट्याला नाही, आजूबाजूच्या अनेकांना एकदमच झालं होतं, म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा.

पेरूमध्ये फेब्रुवारी १९९९ मध्ये एका वेल्डरने कामाच्या जागी पडलेला इरिडियमचा छोटा स्रोत उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि तसाच घरी गेला. पुढे त्याचा पाय कापावा लागला. ती वस्तू हातात घेताना ना गरम लागते, ना दुखते. म्हणून रुग्ण आपणहून सांगणार नाही. तुम्हालाच विचारावं लागेल.

तिसरी पायरी: जागा आणि सामान

यासाठी वेगळी इमारत लागत नाही. ज्या दाराने अॅम्ब्युलन्स येते त्या बाजूची, शक्यतो पाण्याची सोय असलेली एक खोली ठरवून ठेवा. जमिनीवर ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक अंथरा आणि कडा चिकटपट्टीने बसवा, नाहीतर स्ट्रेचरची चाकं त्यात अडकतात. दारापाशी जमिनीवर एक ठळक पट्टी ओढा. पट्टीच्या आतलं सामान आणि माणूस तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. पट्टीच्या बाहेर एक सिस्टर स्वच्छ हातांनी उभी राहील, तीच औषधं आत देईल आणि तीच नोंदी करेल.

छताचा पंखा बंद. मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ वर असताना हे सांगणं सोपं आहे, करणं कठीण. पण पंखा चालू राहिला तर अंगावरची पूड खोलीभर होईल. म्हणून उन्हाळ्यात गाऊन घातलेल्या माणसाची पाळी वीस-तीस मिनिटांची ठेवा, बाहेर आल्यावर त्याला मीठ-साखरेचं पाणी द्या. किरणांआधी उष्माघातानेच आपला माणूस पडायला नको. गरोदर कर्मचारी या पथकात नको.

सामानाची पेटी आजच भरा: जाड कापड कापणारी मोठी कात्री, जुन्या पण धुतलेल्या चादरी, साधे गाऊन, हातमोज्यांचे दोन डबे, एन-९५ मास्क, बुटांवर घालायची आवरणं, जाड प्लास्टिक पिशव्या, मार्कर पेन, साधा साबण, शाम्पू, नाकाचे स्वॅब, लांब चिमटा. बहुतेक वस्तू रुग्णालयात आहेतच, फक्त त्या एका जागी नाहीत.

पेटीत नसते ती एकच वस्तू, किरण मोजणारं यंत्र. ते विकत घ्या असं मी म्हणणार नाही, कारण वर्षानुवर्षं न वापरलेलं यंत्र ऐन वेळी खोटं बोलतं. त्यापेक्षा आपल्या भागात ते कोणाकडे रोज वापरात आहे हे शोधा. कर्करोग उपचार केंद्रात, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, औद्योगिक रेडिओग्राफी करणाऱ्यांकडे सर्व्हे मीटर असतो आणि त्यांच्याकडे नेमलेला रेडिएशन सेफ्टी ऑफिसरही असतो. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. रात्री दोनला फोन केला तर येणार का, हे स्पष्ट विचारा. याच यादीत जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ लिहा. तिथून निरोप अणुऊर्जा विभागाच्या आपत्कालीन यंत्रणेपर्यंत आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलापर्यंत जाऊ शकतो. या दलाची एक तुकडी पुण्याजवळ असते, म्हणजे मदत यायला काही तास लागणारच. ते तास तुमचे आहेत.

चौथी पायरी: आधी जीव

श्वासनलिका, श्वास, रक्तस्राव, शॉक. क्रम तोच, रोजचाच. ट्रक उलटून त्यात किरणोत्सर्गी पेटी होती असं कळलं, तरी मांडीतून रक्त वाहतंय त्या ड्रायव्हरला मीटर येईपर्यंत बाहेर थांबवून ठेवणं हा गुन्हा आहे. किरणोत्सर्गाची मात्रा कितीही मोठी असली तरी ती पहिल्या तासाभरात क्वचितच कोणाचा जीव घेते. रक्तस्राव घेतो. अॅम्ब्युलन्समध्येच त्याला दोन चादरींत गुंडाळा, नवजात बाळाला गुंडाळतो तसं चेहरा उघडा ठेवून, म्हणजे धुरळा चादरीत राहील आणि तुम्ही मोकळ्या मनाने काम कराल.

पाचवी पायरी: कपडे, मग पाणी

रुग्ण स्थिर झाला की कपडे कापा. गळ्यापासून खालपर्यंत पुढून सरळ काप घ्या आणि केळीचं साल सोलावं तसं कापड बाहेरच्या बाजूला वळवत न्या. बाहेरची मळकी बाजू घडीच्या आत गेली पाहिजे. डोक्यावरून शर्ट ओढून काढू नका, सगळा धुरळा तोंडावर येतो. फक्त कपडे आणि चपला काढल्या तरी अंगावरचा जवळजवळ ९० टक्के धुरळा जातो. एवढी स्वस्त आणि एवढी परिणामकारक दुसरी गोष्ट या सगळ्या प्रकरणात नाही. कपडे, घड्याळ, पाकीट, मोबाइल दुहेरी पिशवीत घालून नाव, तारीख, वेळ लिहा आणि पिशवी लांब ठेवा. ही पिशवी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाता कामा नये, आणि जाळायची तर मुळीच नाही.

तोंड धुण्याआधी दोन्ही नाकपुड्यांतून वेगवेगळे स्वॅब घ्या. धुरळा आत गेला का, याचा तो पहिला पुरावा आणि तोंड धुतलं की पुसला जातो. मग क्रम असा: उघड्या जखमा सलाइनने धुऊन झाका, नंतर डोळे, नाक, तोंड, आणि शेवटी धडधाकट कातडी. पाणी कोमट, साबण साधा. गरम पाण्याने कातडीतला रक्तपुरवठा वाढतो, म्हणून ते नको. ब्रशने घासायचं नाही, कातडी सोलवटली तर तुम्हीच आत जायला वाट करून दिलीत. केसांना शाम्पू चालेल, कंडिशनर नको, त्याने कण केसांना चिकटून बसतात. केस वस्तऱ्याने काढू नका, लागलंच तर कात्रीने कापा. मीटर असेल तर त्याचं टोक पातळ पिशवीत घालून कातडीपासून एक-दोन सेंटिमीटरवरून हळूहळू फिरवा. खोलीतल्या नेहमीच्या आकड्याच्या दुपटीखाली आलं की पुरे. दोन-तीनदा धुऊनही आकडा हलत नसेल तर थांबा. धुतलेलं पाणी टबात साठवता आलं तर उत्तम, पण तेवढ्यासाठी रुग्णाला खोळंबून ठेवू नका.

हळदीची रंगीत तालीम

हे सगळं वाचून हाताला वळण लागत नाही. आम्ही आमच्याकडे तालीम केली ती हळदीने. एका तरुण वॉर्डबॉयला जुना पांढरा शर्ट घालायला दिला, त्यावर वाटीभर हळद उधळली, थोडी केसांत, थोडी मानेवर. हळद निवडण्यामागे कारण होतं. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ती पिवळसर हिरवी चमकते आणि असा छोटा दिवा सराफाकडे, बँकेत, कुठेही मिळतो.

पथकाने कपडे कापले, धुतलं, सगळ्यांना वाटलं झकास झालं. मग दिवे मालवून जांभळा दिवा फिरवला. वॉर्डबॉयचं अंग बऱ्यापैकी स्वच्छ होतं. कानामागे आणि नखांत राहिली होती. पण दाराच्या कडीवर चमकत होती. केस पेपरच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पूर्ण ठसा होता. सिस्टरच्या पेनावर, बीपीच्या कफवर, आणि माझ्या स्वतःच्या मोबाइलच्या काचेवर. मी तो खिशातून कधी काढला, मला आठवतही नव्हतं. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या दिवशीपासून मोबाइल पट्टीच्या बाहेर राहतो आणि लिहिणारी व्यक्ती रुग्णाला शिवत नाही.

हळदीने अजून एक धडा दिला. कितीही धुतलं तरी तळहाताची पिवळी छटा पूर्ण गेली नाही. नव्या सिस्टरने जोरात घासायला घेतलं, तेव्हा तिला थांबवून दाखवता आलं की आता काही सुटत नाही, फक्त कातडी लाल होते. "दोन-तीनदा धुवा आणि थांबा" हे वाक्य तिला नंतर कधी सांगावं लागलं नाही. वर्षातून दोनदा अशी तालीम घ्या, एकदा रात्रपाळीत, कमीत कमी माणसांवर.

सहावी पायरी: घड्याळ आणि सीबीसी

रुग्णाला किती मात्रा मिळाली, हे सांगणारं महागडं यंत्र आपल्याकडे नसेल. पण भिंतीवर घड्याळ आहे आणि लॅबमध्ये सेल काउंटर आहे. या दोन गोष्टी बरंच सांगून जातात.

पहिली उलटी किती वाजता झाली, ते विचारा. आपल्या भागातल्या माणसाला त्याच्याच बोलीत विचारा, "उलटी कव्हय व्हयनी, भाऊ?" म्हणजे तो नीट आठवून सांगेल. किरणांशी संबंध आल्यापासून दोन तासांनी किंवा त्याहून उशिरा उलटी झाली, तर मात्रा साधारण २ ग्रेच्या (ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं माप) खाली असण्याची शक्यता. एक ते दोन तासांत झाली तर २ ते ४ ग्रे. तासाच्या आत झाली तर ४ ग्रेच्या वर, आणि दहा मिनिटांतच सुरू झाली तर प्रकरण अतिगंभीर. उपचार न मिळाल्यास साडेतीन ते चार ग्रेला निम्मे रुग्ण दोन महिन्यांत दगावतात, एवढं लक्षात ठेवलं की या आकड्यांचा अर्थ कळतो. मात्र भीतीनेही उलटी होते, दारूनेही होते, डोक्याला मार लागला तरी होते. म्हणून घड्याळ एकटं पुरत नाही. उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन द्या, पण वेळ लिहून झाल्यावर.

सीबीसी लगेच, आणि मग दर सहा तासांनी, निदान ४८ तास. बघायचं ते एकूण पांढऱ्या पेशींकडे नाही, त्यातल्याच लिम्फोसाइट या प्रकाराच्या प्रत्यक्ष संख्येकडे. टक्केवारी नको, संख्या हवी. आपल्याकडचे बरेच रिपोर्ट टक्के छापतात, म्हणून गुणाकार करून संख्या केस पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहा. पेशी २४ तासांत निम्म्यावर आल्या तर जीवाला धोका आहे असं समजा. ४८ तासांनी १५०० च्या वर असतील तर बहुधा गंभीर काही नाही. १००० च्या खाली गेल्या तर गंभीर, ५०० च्या खाली गेल्या तर अतिगंभीर. हे आकडे एका रेषेत मांडा. एका आकड्यापेक्षा ती रेषा कुठे चालली आहे, हे महत्त्वाचं.

साधारण २४ तासांनंतर हेपरिनच्या नळीत दहा मिलीलिटर रक्त वेगळं काढून ठेवा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गुणसूत्रांतल्या तुटीफुटी मोजून मात्रेचा बराच नेमका अंदाज काढता येतो. नळी गोठवू नका, गोठवली की नमुना वाया गेला.

सातवी पायरी: कोणतं औषध कशासाठी

इथे लोकांची सगळ्यांत जास्त फसगत होते. आयोडीनची गोळी, म्हणजे पोटॅशियम आयोडाइड, फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइड वाचवते. हे आयोडीन अणुभट्टीच्या अपघातात बाहेर पडतं. भंगारातल्या कोबाल्टला किंवा सिझियमला या गोळीचा उपयोग शून्य. प्रौढांना १३० मिलिग्रॅम, तीन ते अठरा वर्षांच्या मुलांना ६५, एक महिना ते तीन वर्षं ३२, महिन्याच्या आतल्या बाळाला १६. द्यायची ती आधी किंवा पहिल्या काही तासांत, आणि प्रशासनाची सूचना आल्यावरच. चाळिशीनंतर तिचा फायदा फार कमी. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर चीनमध्ये लोकांनी मिठाच्या पुड्यांसाठी रांगा लावल्या. आयोडीनयुक्त मिठाने हे काम होत नाही. जखमेवरचं टिंक्चर आयोडीन तर तोंडात जाताच कामा नये.

सिझियम पोटात गेलं असेल तर प्रशियन ब्लू, प्रौढांना तीन ग्रॅम दिवसातून तीनदा. ते आतड्यात सिझियमला धरून शौचावाटे बाहेर नेतं. गोयानियात ४६ जणांना ते दिलं होतं. कपड्यांची नीळ म्हणजे हे औषध नव्हे, कोणी ती पाजायला निघालं तर थांबवा. प्लुटोनियम, अमेरिशियमसाठी डीटीपीए नावाचं इंजेक्शन असतं. ही दोन्ही औषधं तालुक्याला असणार नाहीत. नमुने जपून ठेवा आणि मागणी वर कळवा, एवढंच आपलं काम.

आठवी पायरी: कोणाला, कधी, कुठे पाठवायचं

उलट्या थांबल्या की रुग्णाला दोन-चार दिवस, कधी दोन-तीन आठवडे अगदी बरं वाटतं. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, सुट्टी द्या, कापूस वेचायचाय." तेव्हा अस्थिमज्जा आतून रिकामी होत असते. सुट्टी देऊ नका. पण याच मधल्या काळामुळे रेफर करायची घाईही नसते. मध्यरात्री, अर्धवट स्थिर रुग्ण घाटातून पळवण्यापेक्षा सकाळी धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलून, कागद पूर्ण करून पाठवा. तिथून रक्तविकारांची सोय असलेल्या मुंबईच्या केंद्राकडे जायचं का, हे लिम्फोसाइटच्या रेषेवर ठरेल.

अपवाद शस्त्रक्रियेचा. किरणांबरोबर हाडही मोडलं असेल, पोटात मार असेल, तर ऑपरेशन पहिल्या ३६ ते ४८ तासांत उरकून जखम बंद करा. त्यानंतर पेशी पडायला लागतात, संसर्ग होतो, जखमा भरत नाहीत आणि मग दोन-तीन महिने थांबावं लागतं.

मात्रा २ ग्रेच्या वर वाटत असेल तर पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम शक्यतो पहिल्या २४ तासांत सुरू करण्याबद्दल तज्ज्ञांशी फोनवर बोला. केमोथेरपीच्या रुग्णांना देतात तेच हे इंजेक्शन, कर्करोग रुग्णालयाच्या फार्मसीत सापडतं. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले की वेगळी खोली, हात धुतल्याशिवाय प्रवेश नाही, गरम शिजवलेलं जेवण आणि संसर्गाची औषधं. रक्त किंवा प्लेटलेट लागल्या तर त्या किरणप्रक्रिया केलेल्या आणि पांढऱ्या पेशी गाळलेल्या मागवा. इथे एक गोष्ट आपल्या स्वभावाविरुद्ध आहे: सख्खा भाऊ रक्त द्यायला पुढे येईल, त्याला नम्रपणे थांबवा. पुढे अस्थिमज्जा बदलायची वेळ आली तर त्याचाच उपयोग होणार असतो, आणि आधीच त्याचं रक्त चढवलं असेल तर रुग्णाचं शरीर ती मज्जा नाकारू शकतं.

कातडीच्या जखमेची वेळ वेगळी असते. केस साधारण ३ ग्रेला दोन-तीन आठवड्यांनी गळतात. आज फक्त लाली दिसते, तिथे तिसऱ्या आठवड्यात फोड येतील आणि पुढे मांस सडेल. घाईने कापाकापी करू नका, रोज एकाच अंतरावरून, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा आणि दुखणं मनापासून शमवा. या जखमा फार दुखतात.

गरोदर बाई आली तर तिला "पाडून टाका" असा सल्ला कोणीही देऊ नये. गर्भाला मिळालेली मात्रा १०० मिलिग्रेच्या (म्हणजे ०.१ ग्रेच्या) खाली असेल, तर त्या कारणासाठी गर्भपाताची गरज नसते. आधी मात्रा काढून घ्या.

गर्दी आणि गाव

बातमी फुटली की दारात शंभर माणसं येतील, त्यातल्या बहुतेकांना काहीही झालेलं नसेल. त्यांना कॅज्युअल्टीत घेऊ नका आणि हाकलूनही देऊ नका. जवळच्या शाळेच्या मैदानावर किंवा बाजार समितीच्या आवारात टेबलं मांडा, नाव-पत्ता-वेळ लिहून घ्या, ज्याला शंका आहे त्याने घरी जाऊन कपडे पिशवीत बांधून साबणाने आंघोळ करावी, एवढं सांगा. बोलणारा माणूस एकच आणि ओळखीचा ठेवा. अणुभट्टीच्या अपघाताची सूचना आली तर घाबरून आयसीयू रिकामं करू नका. फुकुशिमात किरणांमुळे तत्काळ कोणी दगावलं नाही, पण रुग्णालयं आणि वृद्धाश्रम घाईने हलवताना ४० हून अधिक वृद्ध, आजारी माणसं गेली.

गोयानियात दगावलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या दफनाला लोकांनी विरोध केला, दगड मारले. शहरातल्या लोकांना बाहेरगावी हॉटेलात खोली मिळेना, शेवटी "या व्यक्तीच्या अंगावर काही नाही" असे दाखले द्यावे लागले. आपल्याकडे हे होणार नाही असं समजू नका. रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डासोबत साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत एक कागद द्या: हा माणूस तपासलेला आहे, याच्यासोबत जेवायला, झोपायला, लेकरू मांडीवर द्यायला हरकत नाही. खाली सही आणि शिक्का. त्याच कागदाच्या मागे सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाच्या तपासणीच्या तारखा लिहा, आणि एक प्रत गावच्या आशाताईकडे पाठवा.